बसायची सोय

अहो, काय मघापासून करवादताय! खुर्ची टणक आहे, खुर्ची टणक आहे... टणक आहे, पण आहे ना? पाठ टेकायला जागा आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, समोर टीव्हीवर एक बाई आवाज बंद करून भाजी चिरतेय... दवाखान्यात आणखी काय पाहिजे माणसाला? म्हणे, तास झाला बसून! तास? तुम्हाला सांगतो, मला कुणी सलग तासभर असं बसू दिलं ना, तर मी त्याला हार घालीन! नंबर आला का तुमचा? नाही ना? मग ऐका. आणि माझा आधी आला तरी तुम्हीच जा पुढे. मला घाई नाही.

तर मी मूळचा गावचा, पण सगळी नोकरी झाली ती इथे, शहरात. जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या कचेरीत होतो. म्हणजे माणसं जन्मली काय, गेली काय, मी आपला खुर्चीत! रिटायर झालो तशी आमची ही म्हणाली, आता गावी राहू, तिकडे हवा चांगली आहे. आता हवा चांगली आहे हे शंभर टक्के खरं, पण नुसती हवाच आहे हो तिथे! इथे कसं, जिना उतरलं की औषधवाला, त्याच्या शेजारी दातांचा डॉक्टर, त्याच्या शेजारी त्याला गिऱ्हाईक पुरवणारा मिठाईवाला. आणि गावात? चष्म्याची दांडी निखळली... सोय शहरात. दाढ ठणकतेय... सोय शहरात. हिच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला... सोय शहरात! एकदा वैतागून मी गिरणीवाल्याला विचारलं, अरे बाबा, गावात नक्की सोय आहे तरी कसली? तर म्हणतो, "शहरात जायची आहे की! सकाळची बस."

हा गिरणीवाला म्हणजे फार कनवाळू माणूस. लक्षात ठेवा, सगळा घोळ त्याच्या कनवाळूपणानेच झालाय. त्याच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर एकच खुर्ची, चांगली हातांची, आणि ती माझी. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण मी लांबून दिसलो की बसलेला माणूस उठायचा. "या साहेब!" बाया दळणाचे डबे घेऊन खाली, गडी भिंतीला टेकून, आणि मी खुर्चीत. आणि खुर्चीत बसून मी करायचो काय? नावं ठेवायचो! शहरात कसं, फोन केला की माणूस दारात! शहरात कसं, नळ गळायला लागायच्या आत प्लंबर हजर! रोज हो, रोज! ऐकून घ्यायचे बिचारे. ती खुर्ची म्हणजे गावातलं माझं सगळं वजन. ती गेली की मी कोण? एक रिटायर कारकून, ज्याला शेळीसुद्धा धड बांधता येत नाही.

आणि एके दिवशी सकाळी मी त्या खुर्चीत बसलो... आणि उठलो. पुन्हा बसलो... पुन्हा उठलो. "काय झालं साहेब?" म्हटलं, "काही नाही, मी उभाच बरा."

जरा इकडे सरका, हळू सांगतो. परके आहात म्हणून सांगतो. मूळव्याध! ज्या दुखण्याचं नाव घ्यायच्या आधी माणूस दार लावून घेतो, ते दुखणं. आता गावात असलं काही सांगायची सोय असते का? मी ब्र काढला नाही. कुणी बसा म्हटलं की, मी उभाच बरा. थोरल्या भावाकडे जेवायला गेलो, उभ्याने जेवलो. आमची वहिनी, तिचा आवाज असा की तिने घरात फोडणीला काय टाकलं ते वेशीपर्यंत कळतं, ती म्हणते, "काय भावोजी, शहरात उभ्यानं जेवतात वाटतं?" म्हटलं, "हो तर! पचन चांगलं होतं." दुसऱ्या दिवशी बघतो तर थोरला भाऊसुद्धा ताट हातात घेऊन उभा!

बरं, डॉक्टर कुठे? सोय शहरात. शहरात जायचं कशाने? बसने. आणि त्या बसमध्ये अर्धा दिवस करायचं काय असतं? बसायचं असतं हो! आणि रस्ता म्हणजे काय, खड्डे, आणि मधूनमधून आठवण म्हणून थोडं डांबर. म्हणजे बघा, ज्याला बसता येत नाही त्याने, बसता यावं म्हणून, अर्धा दिवस बसून जायचं! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? मी म्हटलं, उभा जाईन. चढलो. अख्खी बस रिकामी. कंडक्टर म्हणतो, "बसा काका." "मी उभाच बरा." "अहो, सगळ्या सीटा मोकळ्या आहेत!" "असू देत." "काका, बस रिकामी आणि म्हातारा माणूस उभा! तिकीट तपासणारा चढला तर माझी पंचाईत करील. बसा!" आणि त्याने दोन्ही खांद्यांना धरून, प्रेमाने हो, मायेने, मला दाबून बसवलं. पहिला खड्डा आला. पुढच्या थांब्याला मी उतरलो आणि चालत घरी आलो. चालायला काही त्रास नव्हता, ते एक बरं.

कुणाचा नंबर पुकारला? माझा? जा जा, तुम्ही जा ताई, कडेवर पोर आहे तुमच्या. मला घाई नाही.

तर काय सांगत होतो... हां. मग आमच्या हिने डोकं चालवलं. "अहो, आता डॉक्टर फोनवर तपासतात. समोर चित्र दिसतं." म्हटलं, वा! याच दवाखान्यातली डॉक्टरीणबाई, वेळ ठरली, सगळं ठरलं... पण नेटवर्क? अख्ख्या गावात नेटवर्क कुठे येतं? विचारा ना! गिरणीच्या ओट्यावर! तेही नेमकं माझ्या खुर्चीच्या डोक्यावर. तिथून दोन पावलं हललात की समोरचा माणूस तोंड उघडं टाकून जागच्या जागी थिजतो.

तरी मी म्हटलं, हरकत नाही. गिरणी चालू असली की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, आपण बिनधास्त बोलू. गेलो. गिरणी धडधडतेय, बाया डबे घेऊन बसल्यात, त्यांच्यात वहिनी आणि आमची हीसुद्धा, मी भिंतीकडे तोंड करून फोन लावला. डॉक्टरीणबाई आली. लहानच हो, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणते, "बोला काका, काय होतंय?" मी ओरडलो, "बसता येत नाही!" ती म्हणते, "ऐकू येत नाही." मी म्हटलं, "दुखतंय!" "काय म्हणताय?" मी छाती भरून श्वास घेतला... आणि तिकडे गिरणीवाल्याने पाहिलं. साहेबांना ऐकू येत नाहीये! कनवाळू माणूस! टुणकन उठला आणि गिरणी बंद केली. का रे बाबा? तुला कुणी सांगितलं होतं? अशी शांतता पसरली, अशी शांतता, की कोंबड्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबल्या. आणि त्या शांततेत, अंगातलं सगळं बळ एकवटून, मी...

"मूळव्याध!!"

एका बाईच्या हातून डबा पडला. मग वहिनी. "अगं बाई! म्हणून उभ्यानं जेवत होते होय!" आणि थोरला भाऊ, तोही तिथेच भिंतीला टेकलेला, म्हणतो, "मग मी का उभ्यानं जेवतोय?"

पुढे माझ्या हातात काही राहिलंच नाही. फोनसुद्धा नाही. गिरणीवाल्याने तो काढून घेतला, मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळं गाव माझ्यावर उपचार करायला लागलं. डॉक्टरीणबाई विचारते, "पाणी पितात का भरपूर?" वहिनी म्हणते, "कुठलं! नुसता चहा ढोसतात!" "चालणं-फिरणं?" गिरणीवाला म्हणतो, "छे! दिवसभर याच खुर्चीत. शहराचं कौतुक करत." "तिखट खातात?" आमची ही म्हणते, "मी नाही घालत हो, ते वरून घेतात." अहो, पेशंट मी होतो! मला कुणी विचारीना! मी आपला मान खाली घालून उभा.

आणि मग ती बाई म्हणाली, "एकदा बघावं लागेल. कॅमेरा त्या बाजूला धरता का?"

तोंडचं पाणी पळालं माझ्या. पण गाव! गाव तयार! वहिनीने हुकूम सोडला, "पाठ फिरवा रे सगळ्यांनी!" आणि तुम्हाला सांगतो, कवायतीत फिरणार नाहीत असे सगळे एका झटक्यात फिरले. बाया फिरल्या, गडी फिरले, शेळी घेऊन आलेली एक म्हातारी होती, तिने शेळीलाही फिरवलं! आणि गिरणीवाला, ज्याच्या हातात फोन, तोही सज्जन, तोही फिरला. फोन खांद्यावरून मागे धरला खरा, पण नेम चुकला. फोन माझ्याकडे नाही, गावाकडे! त्या बिचारीला काय दिसलं असेल? एका ओळीत, झाडून सगळ्यांच्या पाठी, आणि कडेला एक शेळी. मग बारीक आवाजात म्हणते, "अहो... यातले पेशंट कोणते?"

हसा, हसा! नाही दाखवलं मी, शपथ घेऊन सांगतो. शेवटी ती म्हणाली, तुम्हाला इथेच यावं लागेल, छोटीशी शस्त्रक्रिया करू, तोवर टबात कोमट पाण्यात बसा. टब? टबाची सोय कुठे? शहरात! पण आता गावाला कळलं होतं ना. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात गवंड्याचं घमेलं, म्हातारीच्या शेळीचं पाण्याचं घंगाळ, आणि वहिनीचं मोठं पातेलं. "आणि झालं की परत नका देऊ भावोजी. तुमच्याकडेच राहू द्या."

आणि शहरात जायचं कसं, तर गिरणीवाल्याने टेम्पो काढला. गिरणी बंद ठेवली त्याने, माझ्यासाठी! मागे कोंड्याची पोती अंथरली आणि त्यावर मला पालथं घातलं. निरोपाला सगळे हजर. "साहेब, मान वर करू नका!" "भावोजी, कुशीवर वळू नका!" वाटेत ती सकाळची बस शेजारून गेली. कंडक्टर अर्धा बाहेर लोंबकळून ओरडतो, "काका! असं होतं होय! मग तेव्हाच सांगायचं ना!" आणि त्याने ते पुढच्या प्रत्येक थांब्यावर सांगितलं.

पण एक खरं सांगू? तसा पालथा पडलेलो असताना मला रडू आलं. इथे शहरात उभी हयात काढली मी. एकदा तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलो, बरा होऊन बाहेर पडलो, तर समोरच्या दारातला शेजारी म्हणतो, "काय, गावाला गेला होतात का?" आणि ज्यांना मी रोज नावं ठेवली ते लोक... असो. डोळ्यांत कोंडाही गेला होता, ते वेगळं.

बरा झालो मी. डॉक्टरीणबाईंनी झकास काम केलं. म्हणाल्या, "आता खुशाल बसा काका." मी गावी परतलो तो थेट गिरणीवर. बघतो तर खुर्ची नाही! "कुठे गेली?" गिरणीवाला म्हणतो, "वर टांगून ठेवली साहेब. तुम्हाला मोह नको." "अरे, मी बरा झालोय!" "झालात ना? मग आता जपायला नको?" भावाकडे गेलो, वहिनीने मी टेकायच्या आत स्टूल ओढलं. "नको भावोजी, तुम्ही उभेच बरे!" बसमध्ये चढलो, तर कंडक्टर म्हणतो, "सरका रे, काकांना उभं राहायला जागा द्या!" घरात, माझ्या स्वतःच्या घरात, पलंगावर जरा टेकलो की खिडकीतून वहिनी, "बसलात का?" अहो, बसता येतं हो मला! येतं! पण ऐकतंय कोण? इतकी माया, इतकी माया, की दुपारी पाय भरून येतात माझे. आणि गिरणीवर शहराच्या गोष्टी आता थोरला भाऊ सांगतो. तो जन्मात कधी शहरात गेलेला नाही.

म्हणून मग मी महिन्यातून एकदा सांगतो, तपासायला बोलावलंय. कौतुकाने पाठवतात. येताना उभा, जाताना उभा. पण मधला वेळ... इथे यायचं, नंबर घ्यायचा आणि बसायचं! नंबर आला की देऊन टाकायचा. इथे कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, काळजी म्हणून कुणी करत नाही. काय सुख आहे! गावात सगळं आहे हो, फक्त बसायची सोय नाही. ती शहरात.

काय म्हणता सिस्टर? मी? नाही, मला काही होत नाही. हो, मागच्या महिन्यातही होतो... नाही, तेव्हाही काही होत नव्हतं. मग बसलोय कशाला? असाच आपला... हो, खुर्च्या पेशंटांसाठी आहेत, वाचलंय मी ते. कोण, ते कोपऱ्यातले गृहस्थ? सकाळपासून उभे आहेत? अरेरे, मग आधी नाही का सांगायचं! उठतो की. हा उठलो. या हो, या, बसा इथे, चांगली खुर्ची आहे, गरम करून ठेवलीय...

काय म्हणालात?

"मी उभाच बरा"?

...अरे देवा. या, या, इकडे भिंतीशी या माझ्याजवळ. राहू द्या ती खुर्ची तशीच. फक्त एक सांगा... तुमच्या गावात नेटवर्क कुठे येतं?