आनसाबाईचं नितळ पाणी

मंडळी, सरकून बसा. मागं गप्पा मारणारे पुढं या, पुढं डुलक्या घेणारे मागं जा! हं. आता मला एक सांगा — दिसायला नितळ, म्हणजे आतून निर्मळ, असं धरून चालावं का? उगीच माना डोलवू नका! आधी ऐका.

पिंपळखुंट नावाचं गाव. नदी गावात आली — न बोलावता! माणसं जीव घेऊन बिरोबाच्या टेकडीवर चढली. कुणी शेळी घेतली, कुणी टीव्ही घेतला. टेकडीवर वीज कुठली? पण घेतला! आणि आपल्या आनसाबाईनं काय घेतलं? डोक्यावर सागवानी देव्हारा! बापानं तिच्या लग्नात स्वतःच्या हातानं घडवून दिलेला. प्लॅस्टिकात गुंडाळून आणला, थेंब लागू दिला नाही. एक हात देव्हाऱ्याला, दुसऱ्या हातात तीन वर्षांची नात रेणू, मागनं सून वैजयंता. देवळात देव घेऊन आली हो! बिरोबाला काय वाटलं असेल?

बरं, चहूकडं पाणी आणि प्यायला घोट नाही. होडीचा पत्ता नाही. आनसाबाईनं पदर खोचला. "सरका रं! पानी कसं करायचं ते मी दावते."

गुरवाकडनं पाण्याचा मोठा जार घेतला. बूड कापलं, उलटा टांगला. तोंडाला धुतलेल्या लुगड्याची घडी बांधली. आत कोळसा कुटून घातला — जत्रेच्या चुलाणातला, होता नव्हता तेवढा सगळा. त्यावर वाळू, वर खडी. वाळू-खडी देवळात कुठली? अहो, सभामंडपाचं काम! अर्धवट! कुठल्या गावात पुरं झालंय? तुमच्या? ...राहू द्या.

वरनं गढूळ पाणी ओतलं. खालनं आलं काळं! "वता परत!" मग राखाडी आलं. "वता!" आणि मग — अहाहा! भांड्याचा तळ दिसायला लागला! सगळ्या टेकडीनं आनसाबाईच्या नावाचा जयजयकार केला. बिरोबाच्या आधी! आणि जयजयकार वाईट असतो बरं का, थेट डोक्यात जातो.

वैजयंता हळूच म्हणाली, "आत्या, गाळ गेला खरा. पण उकळाय पायजे. जंतू डोळ्याला दिसत न्हाईत."

"म्हंजे? माझ्या पान्यात जंतू?" आनसाबाई कडाडली. "आन उकळू कशावर? कोळसा समदा जारात गेला. लाकूड भिजून चिंब. माझी हाडं जाळतीस का?"

सून गप्प. आणि सून गप्प बसली की समजावं, तिचंच बरोबर आहे! बघा, बायका कशा हसतायत!

पहिला पेला आजीनं कौतुकानं रेणूला पाजला. मग सगळे प्याले. आणि दुसऱ्या दिवशी, मंडळी, रेणूला जुलाब लागले. पाठोपाठ उलट्या. पुराचं पाणी ते! गावातले संडास, उकिरडे, मेलेली जनावरं — सगळ्यांची गाठभेट घेऊन आलेलं! वाळूनं गाळ धरला; जे दिसतच नाही ते कोण धरणार? मोठ्यांच्याही पोटात गुडगुडत होतं, पण पोर ती पोर. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, ओठ सुकले. सकाळपासनं लघवी नाही.

वैजयंता रडकुंडीला आली. "साखर-मिठाचं पानी द्याय पायजे, आत्या. उकळलेलं. न्हाईतर पोर हातची जाईल!"

प्रसादाची साखर होती. मीठ होतं. गुरवाच्या खिशात काडेपेटी होती. जाळायला काडी नव्हती! आणि कोरडं लाकूड टेकडीवर एकच. सगळ्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं आणि मान वळवली. बोलायची छाती कुणाची?

रेणू म्हणाली, "आज्जे, पानी."

आनसाबाईनं तोच नितळ पाण्याचा पेला उचलला. पोरीच्या ओठापर्यंत नेला — आणि हात पुढं जाईना हो! बघत बसली त्या पाण्याकडं. मग पेला उपडा केला. उठली, देव काढून पदरात बांधले, आणि देव्हाऱ्याचं शिखर काडकन मोडलं!

गुरव ओरडला, "आनसाबाई! पाप लागंल!"

"लागू दे. मला लागंल! आन ती काडेपेटी!" आणि सुनेकडं न बघता म्हणाली, "वैजे, तुझं खरं हुतं गं."

देव्हारा पेटला. बापानं कोरलेली कमळं पेटली. म्हातारी धुरानं रडत होती म्हणे. आपण धुरानंच म्हणू. पाण्याला खळखळून उकळी आली. झाकून निववलं. लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एकेक चमचा, एकेक चमचा, मांडीवर घेऊन आजी पाजतेय. उलटी झाली, थांबली, परत पाजलं.

संध्याकाळी टेकडीवर आनसाबाईची आरोळी उठली — "मुतली! मुतली गं बया, माझी रेणू मुतली!"

सोवळ्यातली बाई! मांडी ओली, लुगडं ओलं, आणि ही आनंदानं नाचतेय! देव पदरात होते का तेव्हा? मी विचारलं नाही!

आता तुमच्याकडं वळतो. पळू नका! गळ्यात माळ, कपाळी गंध, एकादशीला साबुदाण्याचा डोंगर — गाळून झालंय आपलं सगळ्यांचं. माझंही! कसे नितळ दिसतोय! पण 'माझंच खरं' म्हणणारा आत बसलाय, तो गाळणीनं जातो का? त्याला जाळच लावावा लागतो, आणि त्या जाळात आपलं लाडकं काहीतरी घालावं लागतं.

चला, इथंच करून बघू. शेजारी बायको असेल, भाऊ असेल, सून असेल. त्यांच्याकडं तोंड करा आणि म्हणा — 'तुझं खरं होतं.' म्हणा! मोठ्यानं!

...आवाज येत नाही, मंडळी. विठ्ठल म्हणताना तर मंडप हलवता!