भागीरथीबाई "समजलं" म्हणाल्या तेव्हा

मंडळी, ऐका! शिकवणाऱ्याला विद्या येते, शिकणाऱ्याला अक्कल आहे — मग ती विद्या मधेच अडते कुठं?

तालुक्याच्या दवाखान्यात सुलोचना पेंढरकर नावाच्या सिस्टर होत्या. सत्तावीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई! खेड्यातल्या सुइणींना त्या शिकवायच्या. हातात कापडी बाहुली, तिच्या गळ्याभोवती नाडा — हे बाळ, ही नाळ. सोडवून दाखवा!

हिरडवाडीच्या भागीरथीबाई पुढं आल्या. घाबरल्या, नाडाच ओढला.

सिस्टर कडाडल्या, "हात आहेत की मुसळं? तुझ्या हातून पोर जगायचं नाही!"

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसताय! — हसा, आमच्याही घरी अशा सिस्टर आहेत!

त्या दिवसापासून भागीरथीबाई मागच्या रांगेत. "समजलं का?" — "समजलं, बाई." रोज समजलं!

पंधरवड्यानं खरी बाळंतीण आली. सिस्टर म्हणाल्या, "भागीरथी, तू हात लाव." डोकं बाहेर आलं — गळ्याला नाळेचा वेढा! भागीरथीबाईंचे हात जागीच थिजले. सिस्टरनी त्यांना बाजूला सारलं, वेढा काढला. पोर निळं पडलेलं. चोळलं, पुसलं... बऱ्याच वेळानं रडलं.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "काल तर समजलं म्हणालीस!"

"नाही समजलं म्हटलं असतं, तर तुम्ही परत तेच बोलला असता, बाई."

सिस्टर नळाकडं वळल्या. हात धुतलेले होते, तरी पुन्हा धुवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाहुली घेऊन त्या भागीरथीबाईंच्या शेजारी, खाली सतरंजीवर बसल्या. "कुठवर येतं ते दाखव."

भागीरथीबाईंनी दाखवलं.

"बोट नाळेखाली घातलंस, बरोबर. आता ओढलंस, ते चुकलं. सैल कर, डोक्यावरून काढ. पुन्हा."

पुन्हा! पुन्हा! पाचव्यांदाही चुकलं. सिस्टर म्हणाल्या, "इथं घाई झाली."

बघा हं — चूक झाकली नाही! गोड बोलून झाकली असती, तर एखादं पोर गेलं असतं. चूक सांगितली, पण नेमकी कुठं ते सांगितलं. आणि बाई चुकली असं म्हटलं, बाई वाया गेली असं नाही!

चार महिन्यांनी घाटात जीप बंद पडली. आत बाळंतीण, सोबत भागीरथीबाई एकट्या. पुन्हा तोच वेढा. बोट घातलं, सैल केलं, काढलं. पोरगी रडली. आज ती शाळेत जाते.

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही कुणी गुरुजी असाल, सासू असाल, दुकानाचे मालक असाल. तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला कधी काही विचारायला येत नाहीत ना? मनाशी म्हणत असाल, सगळ्यांना सगळं येतंय.

खरंच येतंय का हो?