हेडबाईंचा उपास

देवासच्या मुलींच्या शाळेत आम्ही काय वेड्या होतो, सांगते! वार्षिक परीक्षेत पास व्हावं म्हणून गणिताच्या पेपराला अर्ध्या वर्गाने निर्जळी उपास धरला. पेपर सुटला आणि माझी मैत्रीण कुमुद चक्कर येऊन पडली.

हेडबाईंनी तिला सावलीत निजवून साखरपाणी पाजलं. मग आमच्याकडे वळल्या.

"आणखी कोणाचा उपास आहे?"

आम्ही भीतभीत हात वर केले. बाईंनी लगेच हलवायाकडून पोहे मागवले.

"बाई, देव रागावेल ना!"

"माझ्यावर रागावू दे. तुम्ही खा!"

आम्ही तुटून पडलो. कुमुदही सावरून बसली. म्हणाली, "बाई, तुम्हीपण घ्या ना."

बाई ओशाळल्या. "माझा आज उपास आहे गं."

"कशासाठी?"

"तुम्ही सगळ्या पास व्हाव्यात म्हणून."

मग काय, पहिला घास कुमुदनेच त्यांना भरवला!