इतर करतील तसं

लेक : बाबा, तुम्ही कोटांच्या मागे का उभे आहात?

बाबा : हळू बोल. आणि आधी दार लाव.

लेक : फोनवर म्हणालात, ताबडतोब ये, अडकलोय. ऑफिसातून धावत सुटले मी. मला वाटलं, कुठंतरी पाय घसरून पडलात.

बाबा : पडलो असतो तर बरं झालं असतं. पडलेल्या माणसाला कुणी भाषण करायला लावत नाही.

लेक : भाषण? कशावर?

बाबा : जे गेले त्यांच्यावर. दोन शब्द. पलीकडे चर्चच्या हॉलमध्ये सगळे चहाचे कप घेऊन बसलेत. मी तोंड धुऊन येतो म्हणालो आणि या कोटांच्या खोलीत शिरलो.

लेक : कोण गेले?

बाबा : तेच तर मला माहीत नाही!

लेक : बाबा!

बाबा : अगं, अभ्यासाला आलो होतो. आमच्या त्या धर्मांच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, ख्रिस्ती लोकांचं लग्न बघा, नाहीतर अंत्यविधी बघा. लग्नाला न बोलावता गेलं की लोकांना वाटतं, जेवायला आलाय.

लेक : म्हणून इथं आलात. त्या मशिदीतल्या प्रकारानंतर मला वाटलं होतं, तुम्ही आता घरी बसून पुस्तकं वाचाल.

बाबा : कसला प्रकार? मी नियम पाळला. मागच्या रांगेत बसायचं, गप्प राहायचं, इतर करतील तसं करायचं.

लेक : पुढचा माणूस उठला, तुम्ही उठलात. तो चालायला लागला, तुम्ही त्याच्यामागं. तो पंख्याचं बटण दाबायला निघाला होता!

बाबा : मला काय माहीत? मला वाटलं, विधी आहे. पण माणसं किती चांगली, सांगू? हसली, जवळ बसवून सगळं समजावलं. आणि तो पंखा करकरत होता, तो मी दुरुस्त करून दिला.

लेक : ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये डोक्यावर घालायला दिलेली टोपी घालून तसेच बसने घरी आलात.

बाबा : परत नेऊन दिली. धुऊन, इस्त्री करून.

लेक : आणि विहारात ध्यानाला बसलात, तेव्हा भंतेजींनी कौतुक केलं. इतकं स्थिर कुणी बसत नाही म्हणाले. झोपला होतात तुम्ही!

बाबा : घोरलो तर नाही ना? हसू नकोस. इथं माझा जीव टांगणीला लागलाय.

लेक : नाही हसत. बोला. इथं काय झालं? मागच्याच रांगेत बसला होतात ना?

बाबा : मागच्याच. सगळे उठले, उठलो. बसले, बसलो. गाणं सुरू झालं, तोंड हलवलं. मग शेजारच्या बाईनं रुमाल काढला आणि नाकाला लावला. मी म्हटलं, आता रडायची वेळ आली असणार. मीही रुमाल काढला.

लेक : खोटं रडलात?

बाबा : नुसता डोळ्यांना लावायचा होता. दिसायला. पण लावला आणि जे सुरू झालं ते थांबेचना. हुंदके गं. मोठ्यानं. गाणाऱ्यांचा सूर चुकावा इतक्या मोठ्यानं.

लेक : आणि ती शेजारची बाई?

बाबा : तिला सर्दी झाली होती.

(दोघंही हसू दाबायला टांगलेल्या कोटांत तोंड खुपसतात.)

लेक : अगं आई गं. पोट दुखायला लागलं माझं. मग?

बाबा : मग एक गृहस्थ आले, मला दंडाला धरून उठवलं आणि थेट पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. घरच्यांच्या बाकावर! तिथं फक्त एक काळ्या कपड्यातली मुलगी. तिनं माझा हात घट्ट धरला. आता तो हात सोडवून सांगू का, की मी लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, तुमचा धर्म बघायला आलोय?

लेक : सांगायचं होतं!

बाबा : गाणं चालू होतं. शेवटी दारात उभं केलं तिच्या शेजारी. सगळं गाव माझ्याशी हात मिळवून गेलं.

लेक : मग त्यावरून तरी काही कळलं असेल. काय म्हणत होते लोक?

बाबा : वक्तशीर होते म्हणाले.

लेक : आणखी?

बाबा : एकजण म्हणाला, फारच वक्तशीर होते.

लेक : एवढंच?

बाबा : एवढंच. दुसरं काही म्हणेचना कुणी. आता या वक्तशीरपणावर मी दोन शब्द कुठून आणू?

लेक : मागचं दार असेल ना इथं?

बाबा : आहे. स्वयंपाकघरातून. तिथं आठ बायका सँडविच कापतायत. सगळ्यांचं माझं सांत्वन करून झालंय.

लेक : कमाल आहे तुमची. खरंच कमाल आहे.

बाबा : तुझा आवाज का बदलला?

लेक : कुठं बदलला?

बाबा : बदलला. तुझ्या आईचाही असाच बदलायचा.

लेक : मग ऐका. आई गेली त्या दिवशी लोक येत होते आणि मी एकटी बसले होते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. जो तो विचारायचा, बाबा कुठं आहेत? मी सांगत होते, गच्चीवर आहेत, लिफ्टची मोटर उघडून बसलेत.

बाबा : लिफ्ट बंद पडली होती.

लेक : पडू द्यायची होती!

बाबा : म्हातारी माणसं पाच मजले चढून आली असती. तिच्यासाठी. तिला चाललं नसतं.

लेक : तुम्ही रडला नाहीत, बाबा. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि इथं, ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्या माणसासाठी…

बाबा : त्याच्यासाठी नव्हतं गं ते.

लेक : ते कळलं मला. तरी राग येतोच ना.

बाबा : येऊ दे. तुझा हक्क आहे. पण एक सांगू? ती गेल्यावर मला समजेचना, माणसानं करायचं काय असतं. इतक्या लोकांची माणसं गेलीत. किती काळापासून जातायत. म्हटलं, कुणीतरी काहीतरी शोधून ठेवलं असेलच की. लिफ्ट चालेना की मी दुसऱ्या कंपनीचं मॅन्युअल उघडायचो.

लेक : आपलं नाही का उघडायचं?

बाबा : आपलं पाठ आहे. पाठ असलेलं वाचलं जात नाही.

लेक : मग दुसऱ्यांच्यात काय सापडलं?

बाबा : अजून वर्ग संपला नाही. पण जिथं गेलो तिथं माणसं हातांना काहीतरी काम देताना दिसली. कुणी वाकतंय, कुणी दिवा लावतंय, कुणी पुस्तक उघडून उभं राहतंय. मला वाटलं होतं, मोटर उघडून बसणारा मी एकटाच. हसलीस का?

लेक : जन्मभर लोकांना वर पोचवलंत. आता वर काय आहे ते बघत हिंडताय.

बाबा : हे तुझी आई म्हणाली असती.

लेक : तिनं याहून वाईट म्हटलं असतं. श्श! कुणीतरी येतंय. पोट आत घ्या.

(पहिल्या बाकावरची काळ्या कपड्यांतली मुलगी आत येते.)

त्यांची मुलगी : काका? इथं आहात होय. सगळीकडे शोधलं तुम्हाला. आणि या…?

बाबा : माझी मुलगी. ही… ही आत्ताच आली.

त्यांची मुलगी : किती बरं झालं. ताई, तुम्हीही ओळखायचात माझ्या बाबांना?

लेक : हो. म्हणजे, तसं… वक्तशीर होते. फारच.

बाबा : हसतेस काय, मूर्ख! माफ करा हो. ही अशीच. आणि मी हिच्यापेक्षा वाईट. पोरी, मी तुमच्या बाबांना ओळखत नव्हतो. एकदाही भेटलो नाही. मी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास करतो, संध्याकाळच्या वर्गात. मागं बसून बघायला आलो होतो. तुमच्या हातातला हात तेव्हाच सोडवायला हवा होता. नाही सोडवला. चूक झाली.

त्यांची मुलगी : म्हणजे तुम्ही त्यांचे कुणीच नाही?

बाबा : कुणीच नाही. आत्ता हॉलमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगतो, म्हणाल तर.

त्यांची मुलगी : थांबा. बसू द्या मला जरा. सकाळपासून एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, काका. माझ्यासुद्धा. मी त्या बाकावर बसून विचार करत होते, कसली मुलगी मी. मग तुमचा आवाज आला. म्हटलं, चला, एक माणूस तरी आहे. बाबांनी कुठंतरी, मला न सांगता, एक माणूस जोडला होता.

लेक : आम्ही निघतो, ताई. फार वाईट झालं.

त्यांची मुलगी : नाही, थांबा. मग रडत कुणासाठी होतात?

बाबा : हिच्या आईसाठी.

लेक : थंडीच्या सुरुवातीला गेली. त्या दिवशी हे लिफ्ट दुरुस्त करत होते.

त्यांची मुलगी : त्या दिवशी?

लेक : त्याच दिवशी. लोक आत येऊन माझं सांत्वन करायचे आणि जाताना लिफ्टचं कौतुक.

त्यांची मुलगी : देवा! माझे बाबा असते तर खाली उभे राहून लिफ्ट किती वेळ बंद होती ते घड्याळात बघत बसले असते.

बाबा : असे लोक मी पाहिलेत! पाना हातात असतो आणि हे मागून विचारतात, अजून किती?

त्यांची मुलगी : तेच ते! अगदी तेच!

लेक : हळू, हळू. हॉलमध्ये हसणं ऐकू जाईल.

बाबा : मला सांगा, तुमचे बाबा आणखी काय काय करायचे? आता मी अभ्यासासाठी विचारत नाही.

त्यांची मुलगी : शाळेत हेडमास्तर. घरीही हेडमास्तर. मी घर सोडलं तेव्हा थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. फक्त दर रविवारी जेवणं झाली की फोन. “सगळं ठीक?” मी म्हणायचे, ठीक. की ठेवला. वर्षानुवर्षं. मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे मी.

बाबा : आणखी काही नाही बोलायचे?

त्यांची मुलगी : एकदा मी म्हटलं, ठीक नाही. तर फोन ठेवला नाही त्यांनी. बोललेही नाहीत काही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी झोपेपर्यंत धरून बसले होते. हे मी कुणालाच… हे मी विसरलेच होते. काका, काल रविवार होता. जेवण झालं आणि मी हात पुसून फोनपाशी जाऊन बसले. बसूनच राहिले. मला वाटलं… मला…

लेक : बाबा, रुमाल द्या.

बाबा : माझा ओला झालाय गं.

लेक : हा घ्या माझा. या इकडे. रडा तुम्ही. कुणालाही सर्दी झालेली नाही इथं.

त्यांची मुलगी : सर्दी?

लेक : नंतर सांगते. मोठी गोष्ट आहे.

बाबा : पोरी, हे फोनचं तू बाहेर सांग. माझ्या दोन शब्दांची गरजच नाही.

त्यांची मुलगी : मी सांगेन. पण तुम्ही समोर बसायचं, पहिल्या रांगेत. दोघांनीही. नाहीतर मला जमायचं नाही.

बाबा : आमच्या बाईंचा नियम मागच्या रांगेचा आहे.

लेक : बाबा, पुढं बसू या. माझ्या शेजारी बसा तुम्ही.

बाबा : बसतो. चल. बसतो गं.

त्यांची मुलगी : (हॉलमधून हाक येते, तिकडे वळून) हो, हो, ऐकू आलं! आलेच. जरा घरच्यांशी बोलतेय.