वझे काकांची वही

त्या सॉफ्टवेअरच्या निवडीत मी काय करून बसलो, ते ऐका. इकडे हिंदी मुलखात, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात नेटवर्कला काय काय जोडलेलं आहे, हे शोधून देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. तीन चाचणीला आणली आणि निवड माझ्यावर सोपवली.

आता कोणतं खरं सांगून राहिलं, हे ताडायचं कशावरून? आमच्या विभागात वझे काका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. कोणता प्रिंटर कुठल्या टेबलावर, कोणता कॅमेरा कुठल्या खांबावर, सगळं त्यांच्या वहीत. मी मागितली, तर त्यांनी आनंदानं दिली. वर माझ्यासोबत दोन दिवस शेडमधून फिरलेसुद्धा.

पहिल्या सॉफ्टवेअरनं अर्धे कॅमेरे सोडले. दुसऱ्यानं एकच प्रिंटर दोनदा दाखवला. तिसऱ्याची यादी मात्र वहीशी तंतोतंत जुळली. मीटिंगमध्ये मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "सर, वझे जी की नोटबुक में एक भी गलती नहीं निकली. ये तीसरावाला भी बिल्कुल वही बता रहा है."

साहेब म्हणाले, "अच्छा! मतलब वझे जी का काम अब ये कर लेगा."

मी काही बोलेपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता.

महिन्याभरात काकांना कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. ते घेऊन माझ्याकडे आले. "काहून रे, माझ्या वहीत काही चुकलं होतं का?"

"नाही काका. एकही चूक नव्हती."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि माझीच पाठ थोपटून गेले.