त्या संध्याकाळी वारा नव्हता

नाही नाही, आधी मुरांबा घ्या, मग विचारा. चेरीचा आहे, घरचा — आणि वर हे गार पाणी. चौकशीला आलात म्हणून काय झालं, पाहुणा तो पाहुणाच. अथेन्सहून बोटीनं येताना पोट ढवळलं असेल ना? आमचं रोजचंच झालंय आता, पूल पडल्यापासून. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, आमच्या पनागिया माउलीचं, येशूच्या आईचं, देऊळसुद्धा पलीकडे.

काय म्हणते कंपनी? देवाचा कोप? हो, ऐकलंय मी. जहाज त्यांचं, पुलाच्या खांबावर आदळलं ते त्यांचं, आणि कोप तेवढा देवाचा. मग भरपाई कोणी द्यायची — देवानं? तो काही बँकेत जात नाही, म्हणून आम्ही. नव्या पुलावर टोल बसणार म्हणे, आमच्याच माथी. मला कायदा कळत नाही हो, पण नवस बोलला त्यानं फेडायचा, पूल पाडला त्यानं बांधायचा — यात वकील कशाला लागतो?

वाऱ्यानं जहाज भरकटलं म्हणतात? कसला वारा? माउलीच्या सणाची संध्याकाळ ती. तिची तसबीर पुढे, मागे आम्ही सगळ्या, हातात मेणबत्त्या, चाललोय पुलावरून. आता ऑगस्टात इथं उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की अंगणातल्या खुर्च्या उडतात, म्हणून दरवर्षी आम्ही मेणबत्तीला लाल कागदी पेला लावतो. यंदा आमच्या पापादियेनं — पाद्रीबाबांची बायको हो — पेले आणलेच नाहीत, विसरली. मी बोललेसुद्धा तिला, "अगं, पुलावर पाऊल ठेवलं की विझणार सगळ्या, मग काय अंधारात मिरवायचंय माउलीला?" आणि एकही विझली नाही. ज्योत अशी सरळ, सुईसारखी. पलीकडच्या पायरीवर टेकलो नि मागे तो आवाज झाला. तेव्हाही जळत होत्या. हे लिहून घ्या.

हसा तुम्ही, माझा आहे विश्वास. आमचा लेफ्तेरिस दोन वर्षं घरी बसून होता, त्याच्यासाठी मी माउलीपुढे टांगायला चांदीचं एवढंसं जहाज बोलले होते. आणि लागली की नोकरी, सप्टेंबरातच — जहाजावर. हो, त्याच कंपनीच्या. म्हणून काय झालं, पोरानं थोडाच पाडला पूल? मी त्याच्या बापाला म्हटलं, बघ, तू हसायचास ना माझ्या नवसाला? तर म्हणतो कसा, "जहाज टांगायची घाई करू नकोस." तेव्हापासून जेवताना मान वर करत नाही. वय झालं, दुसरं काय —

का थांबलात लिहायचे?

साक्षीदार? कोणी कोळी म्हणतो, त्या संध्याकाळी वाऱ्यात होडी आवरत नव्हती? खोटं आहे ते. सणाला आमच्याकडे जाळंच टाकत नाही कोणी, सगळ्या गावात एकच आहे असा, देव न मानणारा, जो त्या दिवशीसुद्धा —

स्तामातिस.

आमचा? लेफ्तेरिसचा बाप?

पण घरी आला तेव्हा शर्ट कोरडा होता त्याचा, लाटेचा एक थेंब नाही. मीच धुतला.

नको, पाणी नको मला. म्हणजे नोकरी माउलीनं नाही, त्याच्या साक्षीनं दिली. आणि मी गुडघे टेकून आभार मानत बसले तिचे. तिनं ऐकून घेतलं, बिचारीनं.

लिहा. वारा नव्हता. कालिरोई, स्तामातिसची बायको — हो, बायको असंच लिहा. मेणबत्ती माझ्या हातात होती. पोराची नोकरी जायची तर जाईल. माउली काढील दुसरी वाट, तिला काय एकच कंपनी ठाऊक आहे? चांदीचं जहाज मी टांगणारच. बोलले मी, फेडणार मी. ज्याचं त्यानं फेडायचं — आत्ताच म्हटलं ना.

जिन्यावर त्याची पावलं वाजतायत, ऐकलीत? उठा आता, साहेब, बोट सुटेल तुमची. मागच्या दारानं जा. बशी राहू द्या. दार — नको, लोटू नका, उघडंच असू दे. येऊ दे त्याला. आज वारा आहे.