कानडी सतरंजी

तुम्ही काहीही म्हणा, सतरंजीवर नाव विणून घ्यावंच. गल्लीतल्या बारशाला आम्ही सगळ्यांनी सतरंज्या दिल्या होत्या. सगळ्यांच्या परत आल्या, माझीच नाही. माझ्या वडिलांनी मागावर विणलेली ती शेवटची. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मग पारूबाईकडं हळदीकुंकवाला गेले, तर बाया माझ्याच सतरंजीवर बसलेल्या. मी सरळ म्हटलं, "पारूबाई, ही माझी हाय. काठाला माझं नाव हाय."

"न्हाय ओ अक्का. ती कानडी अक्षरं हायत. माझ्या माहेरची हाय ती."

बायांनी वाकून बघितलं. अक्षरं कुणालाच लागेनात. मी चौथी शिकलेली, पण माझं नाव मलाही वाचता येईना.

एकदम डोक्यात आलं. म्हटलं, "उठा सगळ्याजणी."

सतरंजी पालथी घातली. वीण दोन्ही अंगांनी सारखी, पण नाव सरळ दिसतं एकाच अंगानं. 'कलावती' लख्ख दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पारूबाईनंही मोठा श्वास सोडला. म्हणाली, "बरं झालं बाई. आठ दिवस वाचतीय, मला वाटलं मी कानडीच विसरले."